रेघेच्या वर, रेघेच्या खाली: पहिलं स्टडी बायबल कसं निवडावं

बायबल एकदा नीट वाचून काढू, असं ठरवून कुणी ऑनलाइन शोधायला बसलं की दहा मिनिटांत डोकं गरगरायला लागतं. एनआयव्ही स्टडी बायबल, ईएसव्ही स्टडी बायबल, लाइफ ॲप्लिकेशन, न्यू ऑक्सफर्ड ॲनोटेटेड, कॅथलिक स्टडी बायबल, ऑर्थोडॉक्स स्टडी बायबल. त्यात पुन्हा लाल अक्षरांचं, मोठ्या टाइपाचं, चामड्याच्या बांधणीचं, तरुणांसाठीचं, स्त्रियांसाठीचं. 'ग्रंथ एकच ना, मग ही इतकी मॉडेलं कशाला?' हा प्रश्न मला बरेचदा ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की निवडीचं निम्मं काम होऊन जातं.

बहुतेक जण शेवटी मुखपृष्ठ बघून किंवा 'सगळ्यात जास्त खपलेलं' बघून एखादी प्रत घेतात. काहींचं नशीब चांगलं निघतं. काहींच्या हाती असं पुस्तक येतं की वर्षभर ते कपाटाची शोभा वाढवतं.

सार्थ ज्ञानेश्वरी आठवा

ज्याने सार्थ ज्ञानेश्वरी हाताळली आहे, त्याला स्टडी बायबल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. वर ओवी, खाली अर्थ, मागे कठीण शब्दांचा कोश. स्टडी बायबलचं पान असंच असतं. वरच्या भागात बायबलचा मजकूर, मध्ये एक बारीक रेघ आणि रेघेखाली छोट्या टाइपात टीपा. प्रत्येक पुस्तकाच्या आधी प्रस्तावना असते: हे कुणी लिहिलं असं मानतात, साधारण कधी, कुणासाठी, तेव्हा परिस्थिती काय होती. समासात किंवा मधल्या पट्टीत बारीक आकडे दिसतात, ते समांतर संदर्भ. म्हणजे इथली गोष्ट बायबलमध्ये आणखी कुठे आली आहे त्याचे पत्ते. शेवटी नकाशे आणि शब्दसूची. 'मेंढपाळ' हा शब्द कुठे कुठे आला आहे ते या सूचीत पाहायचं.

आता त्या बारीक रेघेकडे नीट बघा, कारण माझं सगळं म्हणणं तिच्याभोवतीच फिरणार आहे. रेघेच्या वरचा मजकूर जवळपास दोन हजार वर्षं ते त्याहून बराच जुना आहे. बायबलचे दोन भाग. जुना करार, म्हणजे येशूच्या आधीचा भाग, मुख्यतः हिब्रू भाषेत आणि दानीएल, एज्रा अशा पुस्तकांतला थोडा भाग अरामी भाषेत. नवा करार, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीचा भाग, ग्रीकमध्ये. रेघेच्या खालचा मजकूर मात्र बहुधा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एखाद्या प्रकाशनसंस्थेने नेमलेल्या अभ्यासकांनी लिहिलेला असतो. दोन्ही एकाच पानावर, एकाच शाईत, एकाच पुठ्ठ्यात. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात दोन्हींना सारखाच मान मिळतो. सहा महिन्यांनी आपण एखादं वाक्य सांगताना 'बायबलमध्ये लिहिलंय' म्हणतो, आणि ते निघतं टीपेतलं.

गीतेचं उदाहरण घ्या. श्लोक तेच सातशे. पण शंकराचार्यांच्या भाष्यात ज्ञान वर येतं, रामानुजांच्या भाष्यात भक्ती, आणि टिळकांच्या गीतारहस्यात कर्मयोग. यातल्या कुणाला खोटं ठरवण्याची गरज नाही, पण आपण कुणाची गीता वाचतोय हे माहीत असायला हवं. स्टडी बायबलांची इतकी 'मॉडेलं' निघतात ती याच कारणाने. रेघेच्या वर भाषांतर बदलतं, रेघेच्या खाली भाष्यकार.

टीपांमुळे चिडलेला राजा

हा प्रकार नवा नाही. १५६० साली जिनिव्हात छापलेलं इंग्रजी बायबल समासातल्या भरगच्च टीपांसाठी गाजलं. राजसत्तांच्या छळामुळे देश सोडून गेलेल्या इंग्रज प्रोटेस्टंटांनी ते केलं होतं आणि टीपांना त्या अनुभवाचा वास होता. निर्गम या बायबलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात फारो, म्हणजे मिसरचा (इजिप्तचा) राजा, सुइणींना हिब्रू मुलगे मारून टाकायला सांगतो, त्या ऐकत नाहीत आणि फारोला थाप मारतात. जिनिव्हाच्या टीपेत म्हटलं होतं, की त्यांनी आज्ञा मोडली ते योग्यच, फक्त खोटं बोलल्या ते वाईट. राजाची आज्ञा मोडणं योग्य! इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या पहिल्या जेम्सला हे कसं रुचावं? १६०४ च्या हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत त्याने या टीपांवर उघड नाराजी दाखवली. नव्या भाषांतराला परवानगी मिळाली तीच अर्थ सांगणाऱ्या टीपा नकोत या अटीवर. हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशापुरती समासात मुभा होती. तेच १६११ चं किंग जेम्स भाषांतर.

तीनशे वर्षांनी उलटा प्रकार झाला. १९०९ साली सायरस स्कोफिल्ड नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाने याच किंग जेम्स भाषांतराला स्वतःच्या टीपा जोडून बायबल काढलं. देवाचा माणसाशी असलेला व्यवहार सात युगांत विभागलेला आहे, ही त्याची मांडणी. मांडणी पटो न पटो; पण लाखो घरांत ते पुस्तक 'बायबल' म्हणूनच वाचलं गेलं आणि सात युगांची वाटणी मूळ मजकुरातच आहे असं कित्येकांना वाटू लागलं. रेघ पुसली गेली की असं होतं.

तिसरं उदाहरण अलीकडचं. २००८ साली निघालेल्या न्यू कम्युनिटी बायबलमध्ये, म्हणजे भारतीय कॅथलिक वाचकांसाठीच्या आवृत्तीत, टीपांमध्ये उपनिषदांचे आणि गीतेचे दाखले होते आणि एका चित्रात मरिया साडीत होती. काहींना ते फार भावलं, काहींनी कडाडून विरोध केला. शेवटी सुधारलेली आवृत्ती २०११ मध्ये आली. वरच्या मजकुराबद्दल फारसा वाद नव्हता. भांडण होतं ते रेघेच्या खाली.

आधी भाषांतर ठरवा

टीपांकडे वळण्याआधी रेघेच्या वर काय आहे ते बघायला हवं. भाषांतराच्या दोन टोकांच्या पद्धती आहेत: एक शब्दाला शब्द ठेवणारी, दुसरी अर्थाला अर्थ देणारी. बाकी सगळी भाषांतरं या दोन टोकांच्या मध्ये कुठे ना कुठे बसतात.

एक गंमत सांगतो. आपण तापट माणसाबद्दल म्हणतो, 'राग याच्या नाकाच्या शेंड्यावर असतो.' हिब्रूतही नाक आणि राग यांचं असंच नातं आहे. दोन्हींना एकच शब्द चालतो. निर्गम ३४:६ मध्ये देवाचं वर्णन करताना जो शब्दप्रयोग येतो, तो शब्दशः 'लांब नाकाचा' असा आहे. म्हणजे राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो असा. आता हे जसंच्या तसं भाषांतरात ठेवलं तर वाचणारा हसेल. म्हणून कडक शब्दशः भाषांतरंही इथे माघार घेतात आणि 'रागावायला मंद' अशा अर्थाचं काहीतरी लिहितात. मराठी बायबलातला 'मंदक्रोध' हा सुंदर शब्द यातूनच आला आहे. पूर्ण शब्दशः भाषांतर नावाची गोष्ट अस्तित्वात नाही, फरक असतो तो प्रमाणाचा.

इंग्रजी वाचणाऱ्यासाठी भाषांतरांचा ढोबळ नकाशा असा (ही सगळी भाषांतरांची नावं): न्यू अमेरिकन स्टँडर्ड आणि ईएसव्ही शब्दाच्या बाजूला झुकलेली, एनआयव्ही मधोमध, एनएलटी अर्थाच्या बाजूला. विद्यापीठांत एनआरएसव्ही जास्त दिसतं. नवशिक्याने मधलं किंवा अर्थाच्या बाजूचं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वाक्याच्या रचनेशीच झटापट होत असेल तर टीपांपर्यंत जाण्याचं त्राण उरत नाही.

किंग जेम्सबद्दल मात्र सावध करतो. त्याची भाषा भव्य आहे, वाचून अंगावर काटा येतो, पण ती चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी आहे. अडचण अपरिचित शब्दांची नाही, ते कोशात सापडतात. अडचण ओळखीच्या शब्दांची आहे. त्यात काही ठिकाणी 'लेट' या क्रियापदाचा अर्थ 'अडवणे' असा आहे, आजच्या नेमका उलट. वाचणाऱ्याला आपण चुकीचं समजलो याचा पत्ताही लागत नाही.

इंग्रजी सहज येत नसेल तर मराठी बायबल शेजारी उघडं ठेवण्यात काही कमीपणा नाही. इंग्रजी येत असलं तरी ठेवाच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं ते संस्कृतप्रचुर भाषा टाळून, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. काम आटोपून १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झालं. संस्कृतवरच्या प्रभुत्वासाठी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळालेल्या बाईंनी साधी मराठी निवडली, यावरून काय ते समजावं.

६६ पुस्तकं की ७३?

हे थोडक्यात उरकतो. बायबल हे एक पुस्तक नसून पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट परंपरेत ३९ अधिक २७, एकूण ६६ पुस्तकं. कॅथलिक परंपरेत जुन्या करारात ४६, म्हणून एकूण ७३. तोबीत, युदिथ, बारूख, मक्काबींची दोन पुस्तकं वगैरे ही वाढीव. ऑर्थोडॉक्स परंपरेत याहून काही जास्त. नवा करार सगळ्यांचा तोच.

तुम्ही ज्या चर्चला जाता तिथलं वाचन या जादा पुस्तकांतून होत असेल आणि तुमच्या प्रतीत ती नसतील, तर फजिती ठरलेली. अनुक्रमणिका उघडून मोजा. कॅथलिक वाचकाने हक्काच्या (कॉपीराइटच्या) पानावर 'इम्प्रिमातुर' हा शब्दही शोधावा. प्रकाशनाला बिशपांची संमती आहे असा त्याचा अर्थ.

चार उतारे, एक परीक्षा

आता मुख्य भाग. जाहिरात काय म्हणते, पाठीमागे कुणाचे अभिप्राय छापलेत, ते बाजूला ठेवा. बहुतेक प्रकाशक काही पानं नमुन्यादाखल बघू देतात, वाचनालयात किंवा ओळखीच्यांकडे प्रती असतात, चर्चमध्ये तर असतातच. दोन किंवा तीन स्टडी बायबलं मिळवा आणि तेच चार उतारे प्रत्येकात उघडा. तासाभराचं काम आहे.

पहिला उतारा मत्तय १८, म्हणजे नव्या करारातल्या पहिल्या पुस्तकाचा अठरावा अध्याय, क्षमा न करणाऱ्या चाकराची गोष्ट. एका चाकराचं राजाला दहा हजार टॅलेंट देणं असतं. राजा ते माफ करतो. तोच चाकर बाहेर पडून, आपलं शंभर दिनार देणं लागणाऱ्या सोबत्याचा गळा धरतो. टीपेत काय दिलंय ते बघा. 'टॅलेंट हे प्राचीन काळचं वजनाचं व चलनाचं परिमाण' एवढंच असेल तर ती टीप शब्दकोशातून उतरवलेली आहे, तिचा उपयोग शून्य. चांगली टीप सांगेल, की दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार. मग हिशेब तुम्हीच करा: दहा हजार टॅलेंट म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं. आणि सोबत्याचं देणं? तीन-चार महिन्यांची मजुरी. ती काही क्षुल्लक रक्कम नाही, गरीब माणसाला ती भारीच. म्हणून तर गोष्ट टोचते. 'मला सांभाळून घ्या, मी सगळं फेडीन' हे राजासमोरचं चाकराचं म्हणणं किती हास्यास्पद आहे, हे आकडे कळल्याशिवाय कळत नाही. नवशिक्याला मदत करणारी टीप म्हणतात ती ही.

दुसरा उतारा मत्तय १६:१८. येशू आपल्या पेत्र नावाच्या शिष्याला म्हणतो, की या खडकावर मी आपली मंडळी (चर्च) रचीन. पेत्र या नावाचा अर्थच खडक. मग 'हा खडक' कोणता? पेत्र स्वतः, असं कॅथलिक परंपरा म्हणते आणि पोपपदाचं मूळ तिथे पाहते. पेत्राने नुकताच बोलून दाखवलेला विश्वास, असं अनेक प्रोटेस्टंट भाष्यकार म्हणतात. अर्थात पेत्र स्वतःच, असं मानणारे प्रोटेस्टंट अभ्यासकही आहेत. इथली टीप वाचली की भाष्यकार कोणत्या घरचा आहे ते लगेच कळतं. घर असणं हा दोष नव्हे. दुसरं घर आहे हे तो सांगतो की लपवतो, तेवढं बघा.

तिसरा उतारा मार्क १६. आठव्या ओवीनंतर (बायबलमध्ये 'वचन' म्हणतात, माझी जुनी खोड) बहुतेक आधुनिक आवृत्त्यांत एक कंस किंवा रेघ दिसेल. कारण चौथ्या शतकातल्या दोन अतिशय महत्त्वाच्या हस्तलिखितांत, सिनाइटिकस आणि व्हॅटिकनसमध्ये, मार्कचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाची हकीकत) आठव्या वचनालाच संपतं: रिकामी कबर पाहून घाबरलेल्या स्त्रिया पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचनं नंतर जोडली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. टीप हे शांतपणे, सनसनाटी न करता, सांगते का? पूर्ण गप्प बसणारी टीप वाचकाला लहान मूल समजते. उलट या एका मुद्द्यावर सगळा ग्रंथ मोडीत काढल्याचा आव आणणारी टीपही नवशिक्याच्या कामाची नाही.

चौथा यशया ७:१४, जुन्या करारातल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातला. एक स्त्री मुलाला जन्म देईल आणि त्याचं नाव इम्मानुएल ठेवील, ही प्रसिद्ध ओळ. हिब्रू शब्दाचा अर्थ 'तरुण स्त्री'. पुढे ज्यूंनी केलेल्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'कुमारी' असा शब्द आला, आणि मत्तयच्या पहिल्या अध्यायात हेच वचन येशूच्या जन्माला लावलेलं आहे. चांगली टीप दोन्ही थर दाखवते: इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, शत्रू दाराशी आलेला असताना, यहूदाच्या आहाज राजाला या शब्दांतून काय कळलं असेल, आणि मग काही शतकांनी ख्रिस्ती वाचकांनी त्यात काय पाहिलं. एकच थर सांगून थांबणाऱ्या टीपेने अर्धंच सांगितलेलं असतं.

चारही उतारे पाहून झाल्यावर बहुधा तुमचा कल आपोआप ठरलेला असतो. एखाद्या प्रतीचा आवाज तुम्हाला ओळखीचा वाटायला लागतो. त्या जाणिवेवर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही, पुढची काही वर्षं हाच आवाज ऐकायचा आहे.

जाता जाता हक्काच्या पानावर टीपांचं साल बघा. भाषांतराचं आणि टीपांचं साल वेगळं असू शकतं. मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ पासून जी हस्तलिखितं सापडत गेली, त्यांतली यशयाची गुंडाळी तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा हजारेक वर्षांनी जुनी निघाली. उत्तर इस्राएलात तेल दान इथे १९९३ साली सापडलेल्या शिलालेखात 'दावीदाचं घराणं' (दावीद राजाचा वंश) असा उल्लेख आहे, असं बहुतेक तज्ज्ञ वाचतात. त्याआधी लिहिलेल्या टीपांत हे येणार कुठून? स्कोफिल्डच्या १९०९ च्या टीपा आजही छापल्या आणि विकल्या जातात, आणि नव्याकोऱ्या पुठ्ठ्यात त्या नव्याच दिसतात.

'पण वचन पुरेसं आहे की, टीपा कशाला?'

हा आक्षेप श्रद्धेतून येतो, म्हणून त्याचं उत्तर ग्रंथातूनच देतो. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. कूशी देशाचा एक मोठा अधिकारी रथात बसून यशया वाचतोय. फिलिप्प नावाचा ख्रिस्ती प्रचारक धावत जवळ जाऊन विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो प्रांजळपणे म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? आणि फिलिप्पला रथात बसवून घेतो. स्टडी बायबल म्हणजे रथात घेतलेला फिलिप्प. फक्त रथ त्याच्या हाती देऊ नका.

'मोबाईलवर सगळं फुकट आहे'

आहे, आणि बरंच चांगलं आहे. नेट बायबल नावाचं भाषांतर त्याच्या साठ हजारांहून जास्त टीपांसकट ऑनलाइन वाचता येतं, आणि 'हा शब्द असाच का घेतला' हे त्यात भाषांतरकार स्वतःच सांगतात. शोधायला, दोन भाषांतरं शेजारी ठेवून बघायला फोनसारखं साधन नाही. पण नवशिक्याला आपण ग्रंथात नेमके कुठे आहोत याचं भान लागतं, ते छापील पुस्तकात डाव्या-उजव्या हातातल्या पानांच्या जाडीवरून येतं. शिवाय फोनवर टीप उघडली की मजकूर झाकला जातो, आणि ती रेघ दिसतच नाही. मी दोन्ही वापरतो. सुरुवात कागदावर करावी.

'जितकं जाड तितकं चांगलं ना?'

नाही. ईएसव्ही स्टडी बायबलमध्ये वीस हजारांच्या घरात टीपा आहेत आणि पानं २,७०० हून जास्त. काम दर्जेदार आहे, कल प्रोटेस्टंट सुधारणावादी परंपरेचा. पण पहिल्याच दिवशी एवढं ओझं उचललं की माणूस टीपाच वाचत बसतो आणि वरचा मजकूर राहून जातो. अक्षर वाचता येतं का, पातळ कागदातून मागची छपाई किती दिसते, बांधणी शिवलेली आहे का, उघडल्यावर पुस्तक टेबलावर सपाट राहतं का, या साध्या गोष्टी हजार टीपांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

'लाल अक्षरं तरी खात्रीची असतील?'

येशूचे शब्द लाल छापायची पद्धत १८९९ सालची. दिसायला छान, शोधायला सोपी. मात्र जुन्या ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नाहीत. योहान ३ मध्ये येशू निकदेमाशी बोलतोय, आणि मधेच ते प्रसिद्ध सोळावं वचन येतं: देवाने जगावर इतकी प्रीती केली. हे येशूचंच बोलणं पुढे चालू आहे, की पंधराव्या वचनाला ते संपून इथून योहान स्वतः बोलतोय? भाषांतरकारांत एकमत नाही. लाल शाई कुठे थांबवायची हे संपादक ठरवतो. म्हणजे रंग हीसुद्धा एक टीपच, फक्त ती रेघ ओलांडून वर येऊन बसलेली.

'ते सगळं ठीक, पण एक नाव सांगा'

बरं, सांगतो. प्रोटेस्टंट चर्चला जाणाऱ्या, इंग्रजी ठीकठाक येणाऱ्या नवशिक्याला मी एनएलटी स्टडी बायबल सुचवीन. भाषा सोपी, आणि टीपा उपदेश करण्याऐवजी माहिती देतात. त्याहून थोडा वरचा टप्पा हवा असेल तर एनआयव्ही स्टडी बायबल. १९८५ पासून चालत आलेलं आहे, अलीकडची सुधारित आवृत्तीच घ्यावी. कॅथलिक वाचकाला इग्नेशियस कॅथलिक स्टडी बायबल, जे वर्षानुवर्षं सुटं सुटं निघत होतं आणि २०२४ मध्ये एकत्र झालं. ऑक्सफर्डचं कॅथलिक स्टडी बायबल जास्त अभ्यासू वळणाचं आहे. ऑर्थोडॉक्स वाचकासाठी ऑर्थोडॉक्स स्टडी बायबल आहेच. त्याचा जुना करार प्राचीन ग्रीक भाषांतरावर आधारलेला आहे. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून, इतिहास आणि साहित्य म्हणून बायबल वाचणाऱ्याने न्यू ऑक्सफर्ड ॲनोटेटेड घ्यावं. आणि जुन्या कराराची खरी गोडी लागली तर पुढे कधीतरी ज्यू स्टडी बायबल. ज्यू अभ्यासक तीच पानं किती वेगळ्या डोळ्यांनी वाचतात ते पाहून थक्क व्हायला होतं, पण ते दुसरं पुस्तक, पहिलं नव्हे.

लाइफ ॲप्लिकेशन स्टडी बायबल फार लोकप्रिय आहे, म्हणून त्याच्याबद्दलचं माझं मतही देऊन टाकतो. त्याच्या टीपा 'याचा माझ्या आयुष्यात उपयोग काय' इथे पटकन पोचतात. ज्याला रोजच्या मननासाठी पुस्तक हवंय त्याला ते आवडेल. पण मूळ माणसं, मूळ भांडण, मूळ काळ कळायच्या आत धडा हातात पडतो, आणि धडा हातात पडला की गोष्ट नीट वाचायची इच्छा उरत नाही. पहिलं पुस्तक म्हणून मी ते देणार नाही. अनेकांचं मत याच्या नेमकं उलट आहे.

घरी आणल्यावर

पहिला महिना मार्कचं शुभवर्तमान. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं आणि वेगवान. आधी त्याची प्रस्तावना वाचा, दोन-तीन पानांची असते. मग रेघेखालचा भाग एका कोऱ्या कागदाने झाका आणि अध्याय सलग वाचून काढा. जिथे अडाल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा. नंतर कागद काढून टीपा बघा. तुमच्या दहा प्रश्नचिन्हांपैकी पाच-सहांचं उत्तर खाली सापडलं तर पुस्तक तुम्हाला मानवलं. एकाचंही सापडलं नाही आणि तुम्हाला न पडलेल्या प्रश्नांची उत्तरंच पानभर दिसली, तर कुणाशी तरी अदलाबदल करून टाका, त्यात पाप नाही.

मार्कनंतर उत्पत्ती, आणि निर्गमचा पूर्वार्ध. तिथवर गोष्टीच्या ओघात वाचणारा वाहत जातो. त्यापुढे निवासमंडपाची (देवाच्या उपासनेच्या तंबूची) मापं आणि लेवीय या पुढच्या पुस्तकातले होमबलीचे नियम सुरू होतात; पहिल्या पानापासून क्रमाने निघालेले कितीतरी उत्साही वाचक तिथेच गळतात. तुम्ही खुशाल उडी मारून रूथ, योना, थोडी स्तोत्रं वाचा. लेवीय तोवर कुठे पळून जात नाही.